दोन्ही पिवळीच

—छे छे, हे तरवड न्हाई, पोरी. आण इकडं. हैदराबादच्या कॉलेजात हेच शिकवतात का? वहीत फुलं चिकटवत पार वालूरपर्यंत आलीस, अन् नाव चुकीचं लिहितीस! हा पिवळा धोत्रा. बघ — पानाला काटे, देठ मोडला की पिवळा चीक. तरवडाला काटा असतो का? न्हाई. चीक? थेंबभर न्हाई. पानं चिंचेसारखी, शेंगा चपट्या. तरवड आमच्या माळाचं लेकरू. हा धोत्रा बाहेरून आलेला, सुनेसारखा. डोळे झाकून हातात दे, ही धुरपता सांगंल.

डोळे आले की तरवडाची फुलं वाटून बांधायची — लिही. आमच्या सुनेचे, मनकर्णेचे, आले होते की मागल्या चैत्रात. म्हटलं जा, माळावरून पिवळी फुलं आण. नाव कामून सांगू? कुणब्याची लेक ना ती! तर आणला धोत्रा, ओचा भरून. हात रक्ताळले काट्यांनी, तरी येडीला कळलं न्हाई — डोळे चिकटलेले, दिसणार काय म्हणा. मी वाटला, बांधला. घट्ट. जळायलंय, जळायलंय म्हणून दोन दिस ओरडली. म्हटलं, औषध लागू पडायलंय, पट्टी सोडशील तर बघ. तिसऱ्या दिवशी सोडली, तर — गेले. दोन्ही.

तिचा भाऊ ठाण्यातून फौजदाराला, अमीनसाबाला, घेऊन आला. मी शपथेवर सांगितलं — साब, मी म्हातारी, मला फुलातलं काय कळतंय? मला दोन्ही पिवळीच. साबानं मानलं.

अशी कामून बघायलीस? आत्ता वळखलं ते... ते तू हातात दिलंस म्हणून! अन् माझ्या पोरानं, दिनकरनं, लेकराची किती वर्सं वाट बघायची? चुडाव्याला माझी भाची — भावानं किती दिवस घरात बसवून ठेवायची तिला? पहिली आंधळी असली की दुसरी करणाराला कोण नावं ठेवतंय — हे लिहू नको. फुलाचं तेवढं लिही.

कोण? मनकर्णा? कवापासून उंबऱ्यात उभी हायस? आत हो. पोरी, तिचा हात सोड. सोड म्हणते! कुठं निघालात दोघी? ठाण्यात? ...जा की. जा! घेऊन जा तिला, हिथं कुणाला हवी होती? — अन् कवाड ओढून घ्या जाताना, कोंबड्या आत शिरायल्यात.