शेवटची ओळ सरांच्या हातची

आदरणीय अध्यक्ष प्राचार्य महोदय, आजच्या गौरवग्रंथाच्या संपादक आमच्या ग्रीकच्या बाई, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती सर, त्यांच्या शेजारी त्यांचं भिंग सांभाळत बसलेल्या काकू, सर्व प्राध्यापकवर्ग आणि समोर बसलेल्या, माझ्यासारखं कॉलेज अर्धवट न सोडलेल्या शहाण्या मित्रमैत्रिणींनो, सर्वांना नमस्कार.

माझ्या ताईनं या कागदाच्या डोक्यावर लाल शाईनं लिहून दिलंय, ‘तापू नकोस. पाणी पी.’ तेव्हा आधी पाणी पितो.

प्राचार्यांनी आत्ताच सांगितलं की गौरवग्रंथात सरांची निवडक पत्रं आहेत आणि त्यातलं पान एकशे तेरावरचं पत्र सरांच्या लेखनिकानं, म्हणजे मी, वाचून दाखवावं. सरांनी एका विद्यार्थिनीसाठी दूरच्या विद्यापीठाला लिहिलेलं हे शिफारसपत्र. ती विद्यार्थिनी तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला प्रवेश मिळाला, सोमवारी ती निघते आहे. टाळ्या झाल्या, योग्यच झालं. पण पत्र वाचण्याआधी मला एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्यावर मला खाली उतरवावंसं वाटलं, तर अध्यक्षांनी खुशाल उतरवावं.

सुरुवात दुसऱ्या वर्षाच्या वर्गापासून करतो. सर बायबलमधली संत पौलाची ग्रीक पत्रं शिकवत होते. त्याच्या नावावर तेरा पत्रं आहेत. त्यातली सात त्याचीच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. उरलेल्या सहांवर वाद आहे. शब्द वेगळे, वाक्यांची लांबी वेगळी, काळजी वेगळ्याच गोष्टींची. मी उठलो. तेव्हा माझं डोकं आजच्यापेक्षाही लवकर तापायचं.

“म्हणजे सर, सहा पत्रं खोट्या नावाची?”

“असतील, नसतीलही. शिष्यानं लिहिली असतील. लेखनिकाला मोकळीक दिली असेल. तू आधी वाच.”

“वाचायचंय काय त्यात? दुसऱ्याच्या नावाखाली लिहितो तो चोर!” असं म्हणून मी बाकावर मूठ आपटली. शाईची दौत पडली ती पुढच्याच्या शर्टावर. तो बिचारा आजही समोर बसलाय. माफ कर रे.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीचा आवाज आला. “आणि गुरू गेल्यावर त्याचं म्हणणं जिवंत ठेवायचं असेल तर? तेव्हा शिष्यानं काय करायचं, गप्प बसायचं?”

मी वळून पाहिलं. आज तिसऱ्या रांगेत बसली आहे तीच ती. वर्ग हसला. मी दप्तर उचललं आणि बाहेर पडलो, तो पुन्हा त्या वर्गात गेलोच नाही. लोक समजतात मी तत्त्वासाठी कॉलेज सोडलं. तत्त्व कसलं? त्या आवाजापुढे हरलो होतो आणि तो आवाज पुन्हा ऐकावासा वाटत होता. दोन्ही एकाच वेळी सोसेना.

सहा महिन्यांनी मी फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होतो. सर आले. डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली होती, मला ओळखायला त्यांनी चेहरा अगदी जवळ आणला.

“काय रे, चोर सापडला का?”

“नाही सर.”

“मग दुपारी घरी येत जा. मला लेखनिक हवाय.”

सरांकडचा एक नियम तुम्हाला सांगायला हवा. सर सांगणार, मी कागदावर उतरवणार. मग कागद त्यांच्याकडे द्यायचा आणि खोलीबाहेर पडायचं. शेवटची ओळ ते स्वतःच्या हातानं लिहिणार, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात, आणि पाकीटही स्वतःच चिकटवणार. म्हणायचे, “जुन्या पत्रांत अशीच खूण असायची. मजकूर लेखनिकाच्या हातचा, शेवट पाठवणाऱ्याच्या.” दोन वर्षांत ती शेवटची ओळ मी कधी पाहिली नाही.

आता मुद्द्यावर येतो. पुन्हा पाणी पितो, जरा थांबा.

गेल्या वर्षी या शिफारसपत्रासाठी सरांनी मला चारच वाक्यं सांगितली. विद्यार्थिनी नियमित आहे. ग्रीक चांगलं आहे. काम वेळेवर देते. प्रवेशास पात्र आहे. संपलं! मी लेखणी धरून बसून राहिलो. अहो, एवढ्या शिफारशीवर वाचनालयाचं कार्डसुद्धा मिळत नाही! सर आत औषध घ्यायला गेले आणि मी ती चार वाक्यं बाजूला ठेवून माझं पत्र लिहिलं. सरांच्या नावानं.

होय. पान एकशे तेरावरचं पत्र सरांचं नाही. माझं आहे.

बाई, मी शुद्धीवर आहे. प्राचार्य महोदय, घंटी वाजवू नका, थोडंच राहिलंय.

मी कागद दिला तेव्हा सरांनी तो हातावर तोलून पाहिला. “चार वाक्यं सांगितली होती. कागद दोन कसे?”

“अक्षर मोठं काढलंय सर.”

“बरं,” म्हणाले. मी बाहेर पडलो. दुसऱ्याच्या नावाखाली लिहितो तो चोर, असं बाकावर मूठ आपटून सांगणारा तो मीच.

पत्र गेलं, प्रवेश मिळाला. तिला वाटतं सरांनी लिहिलं. आणि आज हे पुस्तक हातात आल्यावर मी फक्त पान एकशे तेराची तळटीप वाचली. बाईंनी लिहिलंय, ‘सरांच्या चाळीस वर्षांच्या लेखनात “उजेड” हा शब्द इतरत्र आढळत नाही. वाचकांनी पूर्ण पत्र वाचून लेखकत्वाचा निर्णय करावा.’ उद्या हे कुणी त्या विद्यापीठाला कळवलं तर? तिची जागा गेली तर? गप्प बसलो तर माझं लिखाण कायमचं सरांच्या नावावर राहतं. बोललो तर सोमवारची गाडी चुकते, तीही माझी नाही, तिची. अर्धा तास खुर्चीत बसून मी हाच हिशेब करतोय, आणि तो जुळत नाही.

थांब, उठू नकोस. दोन मिनिटं बस. तुझी यात काही चूक नाही, हे सगळ्यांसमोर सांगण्यासाठीच मी उभा आहे.

काय म्हणालात सर? माइकमुळे नीट... काकू, सर काय म्हणाले?

“आधी वाच.”

बरं सर. वाचतो.

‘मान्यवर, या विद्यार्थिनीला वादात कुणी हरवल्याचं मी पाहिलेलं नाही. फक्त एकदा ती हरली, तीही स्वतःकडून. वादस्पर्धेचं बक्षीस मिळाल्यावर दुसऱ्या सकाळी ती परीक्षकांकडे गेली आणि स्वतःच्याच मुद्द्यातली चूक दाखवून बक्षीस परत देऊन आली. वाचनालयात ती येऊन बसली की त्या टेबलावर उजेड होतो, कारण ती समोरच्याला विचारते, तुला असं का वाटतं? आणि उत्तर पूर्ण ऐकते. आमच्याकडून ती गेली तर आमचं नुकसान आहे. तरीही तिला बोलवा.’

इथे माझा मजकूर संपतो. पान उलटतो. खाली सरांच्या हातच्या ओळी आहेत, त्यांनी ठेवलेल्या प्रतीवरून जशाच्या तशा छापल्यात. मी त्या आत्ता पहिल्यांदा पाहतोय.

‘मी चारच वाक्ये सांगितली होती. वरील मजकूर माझ्या लेखनिकाचा आहे. भिंग लावून दोनदा वाचला. यातले काहीही खोटे नाही, आणि माझ्यापेक्षा तो हिला जास्त ओळखतो. हे जाणूनच निर्णय घ्यावा. माझी संमती आहे.’

...पाणी आहे का अजून?

म्हणजे त्यांना माहीत होतं. विद्यापीठाला माहीत होतं. बाई, तुम्ही हसताय, म्हणजे तुम्हालाही! सगळ्या गावाला माहीत, एकट्या चोराला सोडून. सर, वर्षभर मी तुमच्यासमोर बसून मान खाली घालून लिहीत होतो, आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत.

आणि तू. मघाशी उठली होतीस, आता बसलीयेस. मान खाली का घातलीस ते मला इथून दिसत नाही. सोमवारी जा. तिथून मला एक पत्र येईल का, ठाऊक नाही. माझं मात्र जाईल, माझ्या नावानं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझ्या हातचं.

सरांचे आभार मानायला माझ्याकडे चार वाक्यंही नाहीत. त्यांना निवृत्तीत भरपूर वाचायला मिळो, आणि भिंग धरायला काकूंचा हात शाबूत राहो. अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही, त्यांचेही आभार. दौतीवाल्या मित्राचा शर्ट मी भरून देईन. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, आवाज चढला असेल, तर पदरात घ्या. ती चूक माझी आहे. पुढे कुणी या भाषणाच्या लेखकत्वावर शंका घेतलीच, तर ताईची लाल शाईची ओळ वगळून बाकी सगळं माझं.