अर्ध्या तासाची हवा

किराणा दुकानाच्या गल्ल्यावर लोरेटा अग्निशमन दलाच्या दोघा जवानांच्या जेवणाचं सामान मोजत होती.

“पण कॅप्टन, पाठीवरच्या हवेच्या टाकीवर अर्धा तास लिहिलंय!”

“तो गप्प बसणाऱ्याचा अर्धा तास, डेल. काल सरावात सगळ्यांची निम्मी हवा शिल्लक होती, तेव्हा तुझ्या टाकीची हवा संपत आल्याची शिट्टी वाजली.”

“धाप लागली होती.”

“कसली धाप? भर धुरात सासूच्या ऑपरेशनची हकिगत सांगत होतास!”

“त्यात महत्त्वाचं राहिलंच—”

“उद्या चाचणीतही हेच झालं, तर वर्षभर आगीत पाऊल नाही. बाहेर पंप सांभाळायचा.”

“बरं, आतापासून तोंड बंद.”

“पिशवी कागदी की प्लास्टिकची?” लोरेटानं विचारलं.

ओठ घट्ट मिटून डेल लालबुंद झाला.

“कागदी! आणि अंडी वर ठेवा हं ताई, आमच्या सासूबाईंनी एकदा—”

कॅप्टननं ओठांचा चंबू करून शिट्टी वाजवली.