साडेतीनशे अंशांचं पाणी

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते. संशोधनाच्या जहाजावर जाण्याआधी तिची तपासणी होती. बाप कारखान्यात बॉयलर सांभाळून निवृत्त झालेला.

“समुद्राच्या तळाशी साडेतीनशे अंशांचं पाणी? पोरी, मला शिकवू नकोस. त्याची वाफ होईल.”

“वर अडीच किलोमीटर पाणी दाबून बसलंय, बाबा. तुमच्या बॉयलरमध्ये शंभराला उकळायचं का?”

“नाही. दाबाखाली नाही उकळत. बरं, पुढे?”

“समुद्राचंच पाणी भेगांतून खाली मुरतं, तापतं आणि खडकातलं लोखंड, गंधक घेऊन वर उसळतं. बाहेरचं पाणी बर्फासारखं गार. दोन्हींची गाठ पडली की लोखंड आणि गंधक मिळून पायराइट होतं. काही काळ्या धुरासारखं उधळतं, काही तिथंच थर धरतं. धुराडंच उभं राहतं.”

“आमच्या नळ्यांत क्षार धरायचा, तसं.”

“तसंच. फक्त हे सोन्यासारखं चमकतं.”

“मग यंत्र पाठवा की खाली. पाणबुडीत बसून तू कशाला?”

“यंत्र तीनदा गेलं. कुठला थर आधी बसला, ते मला डोळ्यांनी बघायचंय. तुम्ही पाण्याची पातळी न बघता झडप उघडायचात का?”

“एकदाच उघडली. हा हात बघ.”

“तो बघतच मोठी झालेय.”

परिचारिका फॉर्म घेऊन आली. “काही अडचण आली तर कोणाला कळवायचं?”

“आईला.”

“तिचा नंबर नको. ती हातपाय गाळून बसेल. माझा लिही, मी निदान पुढचं विचारेन तरी.”