डुगडुगतं स्टूल

दवाखान्यात सुजलेला पाय घेऊन मी नंबराची वाट बघत होतो. शेजारी एक जोडपं मराठीत बोलत होतं. या देशात आपलं बोलणं कुणाला कळणार, अशा भरवशावर.

"फॉर्मवर विचारलंय, बाई कुठे पडली."

"आण इकडे. रिकामंच ठेवू."

"अरे, आपल्या घरी साफसफाई करताना पडलीय ती! मनगट मोडलंय."

"हळू बोल. तिच्या कामाची सरकारदरबारी नोंदणी नाही, विमा नाही. उद्या दारात इन्स्पेक्टर उभा राहील."

"नोंदणी कर म्हणून मी पहिल्या महिन्यापासून कानीकपाळी ओरडतेय. तीन तासांच्या कामाला कसले कागद, असं कोण म्हणालं?"

"तिलाच रोख हवे होते."

"तिला विचारलं होतंस?"

"ते जाऊ दे आता."

"आणि ती पडली ते डुगडुगतं स्टूल?"

"स्क्रू आवळणारच होतो रविवारी."

"कुठल्या रविवारी?"

"आता भांडू नकोस. ती बघ, आली बाहेर. प्लास्टर घातलंय. तुला तिची भाषा कळते, विचार ना, आत काय सांगितलं."

"म्हणतेय, घाबरू नका. स्वतःच्याच घरी पडले, असं सांगितलंय डॉक्टरांना."

"हुश्श! देवमाणूस आहे गं."

"थांब, अजून बोलतेय. सोमवारी येऊ ना, विचारतेय. एका हाताने जमेल तेवढं करीन, पण दुसरी बाई ठेवू नका म्हणतेय."

"मग? काय सांगायचं तिला?"

"आधी तो फॉर्म दे इकडे. कुठे पडली तिथे आपला पत्ता लिहिते."