आजीच्या जबड्यातलं कलम

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही असं आजीने बजावलंय, पण तुमच्या तोंडात कापसाचा बोळा आहे आणि भाग्यश्री मॅडमनी तुम्हाला तो दाबून गप्प बसायला सांगितलंय, म्हणून सांगते – नाही, बोलू नका काका, नुसती मान हलवा – एरवी मी बोलत नाही हो कुणाशी, वर्गात हजेरी देताना बाई दोनदा विचारतात, आहेस की नाहीस म्हणून. पण ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्याशी मला जमतं. तुम्हालाही दात काढल्या जागी स्क्रूच बसवायचाय ना? गुडघा हलतोय तुमचा म्हणून विचारलं. फार नाही दुखत. म्हणजे दुखतं, पण सुई टोचते तेवढंच, मग आपला जबडा शेजाऱ्यांचा असल्यासारखा वाटतो. आवाजाची मात्र तयारी ठेवा – शेतात बोअर मारायची गाडी येते ना, तस्साच, आणि तो डोक्याच्या आतून. आजी म्हणाली, मला वाटलं आता पाणी लागतं. संध्याकाळी गाल सुजतो, बर्फ धरायचा, गार पेज प्यायची, आठवड्यात माणूस माणसासारखं दिसतं. आमची आजी मात्र दिसली नाही, कारण तिला आजोबांनी शेडनेटखाली ठेवलं होतं.

हसू नका, टाके ओढले जातील.

त्याचं असं झालं – आमची मखमलाबादला गुलाबाची रोपवाटिका आहे आणि पुंजा आजोबांसारखी कलमं कुणी बांधत नाही. आजी गजरे करते, दोरा दाताने तोडता तोडता डावीकडचा खालचा सुळा हलला, मग काढलाच. तर स्क्रू बसवल्यावर मॅडम आजोबांना म्हणाल्या, बाबा, आता तीन-चार महिन्यांत हाड त्याला धरून ठेवेल, मग वर दात बसवू. आजोबांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाले, म्हणजे कलमच की. मॅडम घाईत होत्या, म्हणाल्या, हो, तसंच समजा. तिथेच चुकलं. आता कलमाला काय लागतं? सावली लागते, तर पलंगावर हिरवी शेडनेट आली. पट्टी लागते, तर हनुवटीखालून डोक्यावर उपरणं आलं. पहिले काही दिवस खत द्यायचं नाही, म्हणून भाकरी बंद. आणि मुख्य म्हणजे कलम हलवायचं नाही. आजोबांनी घरात जाहीर केलं, "हलली की गेली. हिनं बोलायचं नाय, हसायचं नाय." शेजारच्या सखुबाई समाचाराला आल्या, त्यांना दारातून परत पाठवलं, कारण त्यांचे विनोद.

मॅडमनी खरं तर दुसऱ्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं, आजींना बोलू दे, फक्त त्या बाजूने चावू देऊ नको. फोन मी घेतला होता. आजीला सांगितलं, तर तिने माझा हात धरला आणि कुजबुजली, "यांना सांगू नको." मला वाटलं आराम मिळतोय म्हणून. मग कळलं. संध्याकाळी आजोबा मळ्यातून आले, पलंगापाशी स्टूल ओढलं आणि बोलायला लागले. त्यांचा ठाम विश्वास आहे की कलमाशी बोलावं लागतं, नाहीतर ते रुसतं. आता हे आजोबा गुलाबांशी रोज बोलतात, पण आजीशी उभ्या जन्मात – जेवायला वाढ, पाणी तापलं का, एवढंच. नावाने हाकसुद्धा नाही, अगं ए म्हणायचे. आणि आता म्हणतात, "लंका, आज पिवळ्याला भाव होता." दुसऱ्या दिवशी, लंका, तू आलीस तेव्हा माझी माय तुला लय बोलायची, मला कळत होतं पण मी मळ्यात निघून जायचो. एकदा म्हणाले, डॉक्टरीणबाईंचं मशीन सुरू झालं तेव्हा मी चहाला गेलो नव्हतो, खाली रिक्षाच्या मागं उभा होतो.

आजी डोळे मिटून पडून. दुपारी ते मळ्यात असताना ती माझ्याशी पोटभर बोलायची, मिसळीच्या रश्शात पाव भिजवून खायची, आणि संध्याकाळी पुन्हा शेडनेटमध्ये. एकदा गाय शेवंतीत शिरली आणि आजी हाड् म्हणून ओरडली, नेमके आजोबा गेटात. मग ओरडलं कोण, तर मी, असं सांगितलं. तेव्हापासून आजोबा सगळ्यांना सांगतात, पोरीचा आवाज खणखणीत हाय. सगळ्यात कठीण दिवस म्हणजे ते म्हणाले, "तुझ्या हातचं सगळं आवडतं मला, आमटी सोडून." पदर चावला हो तिने, चांगल्या बाजूने.

आणि आज ते दोघं आत आहेत. स्क्रू पक्का धरला का हे बघायचंय, पण आजी सकाळपासून तो धरला असेल यालाच घाबरतेय. धरला तर बोलायची परवानगी मिळणार, मग स्टूल परत गोठ्याकडे जाणार – मला विचारत होती, निकिता, नाही धरला तर पुन्हा तीन-चार महिने मिळतात का गं? आता काय सांगू मी तिला? आणि मॅडम जर आजोबांना म्हणाल्या, की अहो त्या तर दुसऱ्याच दिवसापासून –

थांबा. दार अर्धं उघडंय. मॅडम म्हणतायत, मस्त धरलाय. बोला आजी, तुम्हाला कधीच परवानगी होती.



काका, ऐकलंत का? आजोबा विचारतायत, "वरचा एखादा काढायजोगा हाय का, बघा की." मॅडम नाही म्हणतायत, वरचे सगळे धडधाकट आहेत. आजोबा म्हणतात, नीट बघा.

आता आजी बोलतेय – हो, तीच –

"आमटीला काय झालं, ते सांगा आधी. स्टूल ओढा आणि सांगा."

मला हाक मारतेय. आले आजी – काका, तेवढं हे कुणाला सांगू नका, म्हणजे बोळा काढल्यावरसुद्धा, कारण आजोबांना अजून गाईचं ठाऊक नाहीये.