पायऱ्या बुजवल्या त्याची गोष्ट

जळकोटला मोटारीची वाट बघत गोरोबा लिंबाखाली टेकला होता. उन्हाळा लागला की झोळीत काडी, दोरा अन् एरंडेल घेऊन गावोगाव लोकांच्या पायातले नारूचे लांब जंत काढत फिरायचं, हाच त्याचा धंदा. पाठीमागं दोन बाया बोलत होत्या.

“नागम्मा, तुमच्या गावाला सरकारी मदत मिळाली म्हणं?”

“थोडकीच गं रुद्रम्मा. गडी म्हणले, तालुकदारसाब येणार, येशीत कमान बांधू. आमी बाया अडून बसलो. आधी बारवंच्या पायऱ्या बुजवा म्हणलं. खाली उतरून नारूचे पाय पाण्यात बुडवायचे, अन् तेच पाणी प्यायचं?”

“मग पाणी कसं भरता?”

“वर कठडा बांधला, त्याला चाक लावलं. पोहऱ्यानं शेंदायचं.”

“अन् नव्या नवरीनं जलदेवतेची ओटी कुठं भरायची?”

“देवीलाच वर आणली की! पर गुंडाप्पा गवंडी लई शहाणा. आत उभा ऱ्हाऊन पायऱ्यांच्या वाटंचा शेवटचा दगड बसवला, अन् सोताच आत अडकला!”

“अगं बाई! मग?”

“मग काय, नव्या चाकावरनं पहिला त्योच शेंदून काढला. बायांनी त्याचीच ओटी भरली!”

दोघी पोट धरून हसल्या.

“त्याला आता वरीस झालं. औंदा गावात एकबी नारू न्हाय.”

गोरोबा गर्रकन वळला.

“एकबी न्हाय?”

“आँ, गोरोबाकाका! आमच्याच गावाला निघालाव व्हय?”

“निघालो हुतो. आता जातो माघारी.”

“माघारी कशाला? दर साली तुमच्यापुढं रडत बसायचो. औंदा पंगतीला बसू. चला!”