सोनाराला दिलेला चेक

"गुरुजीनं खोटा चेक देऊन —" अन् पुढं? न्हाई ऐकलं? जीप गोरेगावात आली न् बोलणारे उतरून गेले — असंच होतंय, भाऊ. बसा, बाज हाय. गुरुजीच्या निलमला सून करायची म्हणता, मंग शेजाऱ्याला इचारणं बराबरच. वीस वरसं मधी एकच भिंत; देविदास गुरुजीच्या घरात भाजी कशाची शिजली ते बी मला कळतंय.

खोटा न्हवता. परत आला, येवढं खरं. निलमच्याच कानातल्यासाठी सोनाराला दिला होता — खात्यावर पैसे कमी निघाले. सोनारानं भर चौकात इज्जत काढली. अन् माणूस कसा? चेक फाडला की तवाच पासबुकात पेन्सिलीनं रक्कम वजा करणारा. "वटायचा तवा वटंल, सिंधूबाई, आपण पैसा गेला समजायचा" — मला बी शिकवलं, माझं तर खातं बी न्हाई! मंग काहून कमी पडले? पगार लांबला — एक तारखेचा वीसला आला. पण गुरुजी पगाराच्या भरवशावर कधीच राहत न्हवते. मंग त्याच वक्ती काहून राहिले —

चहा घ्या ना, थंडा होऊन राहिला.

तीन हजार काढून दिले त्यांनी. कुणाला काय — अडलेल्याला. मेंढरं राखणारा माणूस, नांदेडला दवाखान्यात पडलेला, त्याच्या बाईनं पदर पसरला — गुरुजी म्हणले, न्या, पगार येतोच चार दिवसांत. पैसे गेले, माणूस बी गेला. फोटो हाय बघा, हार घातलेला — व्हय. आमचेच नामाजी.

सोनार वरडत होता तवा मी कुठं होते? होते ना, ह्याच दारात, तोंडाला पदर लावून. गुरुजीनं एकदाच माझ्याकडं पाहिलं, अन् त्याला म्हणले, चूक माझीच. तेरावं बी झालं न्हवतं, भाऊ, मी काय बोलणार? — अन् मंग दोन वरसं मी काहून न्हाई बोलले? न्हाई बोलले. पैसे बी परत न्हाई दिले. त्यांनी मागितले न्हाईत. निलमची दोन स्थळं ह्याच चेकापायी फिरली — भिंतीपलीकडं पोरगी रडती ते बी ऐकू येतंय मला.

काय म्हणता? हेच उद्या पाच माणसांपुढं सांगू? सांगितलं तर पसंती पक्की?

पाच माणसांपुढं. मी.

जीप सुटंल तुमची, भाऊ. राहू द्या — कप राहू द्या तिथंच.